गोगो न्गिदीच्या नावावरचे दोन गुन्हे

शनिवारी दुपारी आम्हा काळ्यांच्या लॅमॉन्टव्हिल वस्तीत मोड आणलेल्या ज्वारीचा आंबूस वास सुटला, की तो बाजाबुलिले न्गिदीच्या अंगणातून येतोय हे कुणाला सांगावं लागत नसे. गोदीतले हमाल अंघोळी करून, बूट चमकवून तिच्याकडे यायचे. कुणीतरी कॉन्सर्टिना, दोन हातांत धरून वाजवायची छोटी पेटी, आणलेला असायचा. त्याचा भाता हलायला लागला की बायका हातातलं काम टाकून कुंपणाशी यायच्या, आणि आम्ही पोरं धुळीत पाय आपटून नाचायचो. तशी दुपार पुन्हा कधी आली नाही. आता गल्लीत गाणी खूप वाजतात, पण ज्याच्या त्याच्या फोनवर.

तिचा नवरा गोदीत अंगावर खोकं पडून कमरेतून अधू झालेला. पदरात चार पोरं. ती घरी त्या ज्वारीची बिअर करून विकायची आणि तेव्हा तो गुन्हा होता. आम्हा काळ्यांनी प्यायची तर नगरपालिकेच्या गुत्त्यात जाऊनच, असा कायदा. म्हणून बाजाबुलिलेनं बिअरचं पिंप परसात पुरलं होतं आणि वर भोपळ्याचा वेल सोडला होता.

हे म्फिकेलेली सेले याला ठाऊक होतं. तो आमच्याच गल्लीतला, तिच्या अंगणात बसून पिऊन गेलेला. मग तो पोलिसात लागला. एका शनिवारी गोऱ्या साहेबाला घेऊन आला, इकडेतिकडे न बघता वेलापाशी गेला आणि त्यानं पहार मारली. ठण्णकन आवाज झाला. कॉन्सर्टिना थांबला.

"मा न्गिदी, माझा नाइलाज आहे. हुकूम आहे," तो खाली मान घालून पुटपुटला.

"हो का रे बाळा? उन्हातून आलायस, मग तसाच कसा जाशील?" असं म्हणून तिनं भरलेली बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

त्याच्या भुवयांवरून फेस ओघळत होता. गल्ली हसली, साहेबसुद्धा हसला, आणि मग त्यानंच तिला बेड्या घातल्या. कोर्टानं दोन गुन्हे लावले, विनापरवाना दारूविक्री आणि पोलिसावर हल्ला. दंड भरा नाहीतर तुरुंगात जा. दंड गल्लीनं मिळून भरला आणि बायका तिला गात गात घरी घेऊन आल्या. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कोपऱ्यात भोपळा लावलेला दिसला.

पुढे गोऱ्यांचं राज्य गेलं, कायदे बदलले. मी चर्चच्या हॉलमध्ये बालवाडी काढली तेव्हा बाजाबुलिले आपणहून मक्याची लापशी शिजवायला आली आणि तिथलीच झाली. मुलं तिला गोगो म्हणजे आजी म्हणायची. रडकं पोर तिच्या पाठीवर बांधलं की गप्प व्हायचं.

मग नियम आला. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून तपासणी. आम्ही सगळ्यांनी बोटांचे ठसे दिले. माझं उत्तर कोरं आलं. तिच्यावर दोन गुन्हे निघाले. तपासनीस बाई म्हणाल्या, "हल्ल्याचा गुन्हा आहे. तो पुसला जाईपर्यंत त्यांना आत येता येणार नाही."

हे तिला सांगायला मीच गेले. ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली.

"ज्या पोरांच्या आजोबांनी माझ्याकडे बसून पिऊन घेतलं, त्यांच्याच नातवंडांना माझ्यापासून धोका?"

"मा, जुना गुन्हा आहे, दंडावर सुटलेला. राजधानीत, प्रिटोरियाला अर्ज केला तर पुसून मिळतो. तू फक्त सही कर."

"दारूचं पुसा. बादलीचं राहू दे."

"अगं, बादलीचंच तर अडतंय!"

"मग नको. आयुष्यभर मी मान खाली घालून जगले. नवऱ्याचं दुखणं, पोरांची पोटं. त्या एका दुपारी तेवढी ताठ उभी राहिले. ते झालंच नाही असं मीच लिहून देऊ?"

बरेच दिवस तिनं सही केली नाही. मुलं रोज विचारायची, गोगो कुठंय.

बातमी सेलेपर्यंत पोहोचली. निवृत्त होऊन तो वरच्या आळीत राहत होता, काठी टेकत बालवाडीच्या फाटकाशी आला आणि मला म्हणाला, "मला तिच्याकडे घेऊन चल. एकट्यानं जायची हिंमत नाही."

त्याला दारात पाहून बाजाबुलिले म्हणाली, "काय रे, आता कुठं खणायचंय?"

"मा, बसू का?"

"आधी विचारून बसायचास होय?"

तो बसला. काठी गुडघ्यांत धरून म्हणाला, "त्या दिवशी घरी गेलो तर आईनं शर्ट धुतला नाही. म्हणाली, तुझा तू धू. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मा, तुम्ही सही करा. तो कागद गेला तरी बादली कुठे जातेय? मी आहे ना. कुणीही विचारलं तर सांगेन, माझ्या डोक्यावर ओतली आणि बरं केलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "वर्षभर बोलली नाही? मला कधी सांगितलं नाही तिनं."

"तिला लाज वाटायची."

तिनं एप्रनला हात पुसले आणि माझ्याकडे पेन मागितलं. मग चहा टाकला. त्याला दिला तेव्हा तो किंचित मागे सरला, तशी ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

प्रिटोरियाहून उत्तर यायला हिवाळा उलटला. दोन्ही गुन्हे पुसल्याचं मी तिला वाचून दाखवलं. तिनं "बरं" म्हटलं आणि मुलांचे डबे कोण धुतं, लापशी करपवता का, हेच विचारत बसली.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत पोहोचले तेव्हा ती बंद दाराशी पायरीवर बसली होती, मांडीवर एक पेंगुळलेलं पोर, शेजारी त्याची कामावर निघालेली आई.

"किती उशीर!" गोगो माझ्यावर खेकसली. "पोरांनी काय उपाशी राहायचं? उघड लवकर."