पांढरी बट

मायक्रोस्कोपला डोळा लावला की मॅडम श्वास रोखून धरत आणि बारीक आवाजात म्हणत, "कोण कोणाची संगत सोडून नाही राह्यलं, तेवढं पाहा, सर."

उमरखेडच्या आमच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. त्यांचा सगळा जीव यीस्टमध्ये. उष्णता लागली की मरणारं एक लाल यीस्ट त्यांनी जपलं होतं. त्याच्यातला बिघडलेला जीन नेमका कुठे बसलाय, ते त्या हुडकत होत्या. लाल रंगाच्या जीनची जागा आधीच ठाऊक होती. म्हणून त्या या यीस्टचा संकर निरोगी, पांढऱ्या यीस्टशी करत. त्यातून एकेका सूक्ष्म पिशवीत चार पिल्लं होत, दोन लाल, दोन पांढरी. ती काचेच्या सुईने सुटी करून वाढवत, मग उबेत ठेवत. बहुतेकदा लाल तेवढी मरत. म्हणजे बिघाडाचा आणि रंगाचा जीन शेजारी-शेजारी. क्वचित ताटातूट होई. तेव्हा एक लाल जगे आणि त्याच पिशवीतलं एक पांढरं मरे.

"एक सुटलं की दुसरं सापडतेच," त्या म्हणत. पोरं हसत. तुम्हीही हसला असता.

एका दुपारी त्यांनी मोबाइलवर घरचा जुना फोटो दाखवला. आई, मामा, थोरला भाऊ. तिघांच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट, जन्मापासूनची. तिघांचे पाय ऐन तिशीत लुळे पडले, तिघेही गेले. शेजारी उभ्या धाकट्या बहिणीचे केस मात्र काळेभोर.

मॅडमच्या कपाळावर तीच बट होती. आम्ही ती फॅशन समजायचो.

"तपासून घेतलं का, मॅडम?"

"कायले? चाळिशी झाली माही. पाय धड आहेत." मग हळूच म्हणाल्या, "मी सुटली, सर."

दिवाळीनंतर त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"बहीण पडली. अंगणात, चालता चालता."

"घसरली असेल."

"रोज नाही घसरत कोणी." त्या खुर्चीत बसल्या. "माणसाचं यीस्टसारखं नसते. एकीचं सुटलं म्हणून दुसरीले लागत नाही. मीच शिकवते ना हे! पण ती मले पाहते, तं माह्या कपाळाकडंच पाहते."

नोकरी सोडून त्या फुलसावंगीला बहिणीकडे राहायला गेल्या.

मी भेटायला गेलो, तर दोघी कपाशीच्या कडेने येत होत्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून. दोघींच्या डोक्यावर पदर. दोघी डावा पाय ओढत होत्या. आजारी कोण, लांबून कळेना.

बहीण बाजेवर टेकली. मॅडम पाणी आणायला निघाल्या, एकट्या, तरी तसाच पाय ओढत.

"मॅडम, तुमचा पाय?"

"काही नाही झालं त्याले. तिच्यासंगं चालून चालून सवय लागली."

त्या आत गेल्या. बहीण माझ्याकडे बघत होती. घरातून पाय फरफटल्याचा आवाज येत राहिला.