चावी काढली तरी

जीपमध्ये बसायच्या आधी महादेवी चपला काढायची आणि अनवाणी पायांनी जमिनीवर घटकाभर उभी राहायची, श्वास धरून. अंगणात भांडी घासणारी तिची सासू पंचफुला रोज विचारायची, "काय म्हंती भुई?"

"काई न्हाई म्हनत."

"मग जा की माय. पोरी खोळंबल्यात तकडं."

थट्टाच ती, पण पंचफुला हसायची नाही. भूकंपानंतर सरकारनं वसवलेल्या त्या गावात एकसारख्या घरांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक घरात भिंतीवर एखादा तरी हार घातलेला फोटो. महादेवीकडं तर फोटोही नव्हते. गणपती बुडवून गाव झोपलं होतं त्या पहाटे ती लहानगी पाणी प्यायला म्हणून उठली, भुईतून गुरगुर आली, ती दारातून पळाली आणि तिच्या पाठीमागं दगडामातीचं घर आईबापासकट खाली बसलं. त्याआधी कितीतरी महिने जमीन अधूनमधून घुमायची, फळीवरची भांडी किणकिणायची. मोठी माणसं म्हणायची, चालायचंच. तेव्हापासून महादेवीच्या अंगात एकच गोष्ट मुरली होती. हादरलं की पळायचं. बाकीचं मागनं बघायचं.

अशी बाई जीप चालवू लागली ती नवऱ्यामुळं. व्यंकटीचं मांडीचं हाड मोडलं आणि जीप दाराशी उभी राहिली. त्या काळात लातुरात कोपऱ्याकोपऱ्यावर क्लास निघाले होते, डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे चेहरे घराएवढ्या बोर्डांवर लागत होते. गावातल्या पोरींनाही तिकडं जायचं होतं. आईबापांचं म्हणणं एकच, गाडीवर बाई असंल तर धाडतो. व्यंकटीनं खाटेवर बसून बायकोला गिअर शिकवले. जीपची इंजिन बंद करायची वायर तुटकी होती, तेव्हा त्यानं एक युक्तीही शिकवली होती: "ब्रेक दाबून धर, टॉपचा गिअर टाक, आन् क्लच फटकन् सोड. गचका खाऊन मरतंय."

पोरी तिला अक्का म्हणायच्या. पुढं तिच्या शेजारी लायबा बसायची, कारण मागं बसलं की तिला मळमळायचं. मधल्या बाकावर शिल्पा, हातात कायम पुस्तक.

यंदा मात्र लायबाला पुढंही मळमळू लागलं. गिअरच्या फटीतून जळक्या तेलाचा वास गाडीत यायचा. महादेवी लातुरात निजामोद्दीनचाचांच्या गॅरेजवर गेली. चाचा मूळचे नांदेडचे, इंजिनात हवा ढकलणारा टर्बो असलेल्या असल्या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या डोक्यावरून निघून खाली लोंबणारी एक रबरी नळी दाखवली.

"इंजिन थकलंय, बेटा. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली उतरतोच. तो बाहेर पडायची ही वाट. कुणी शहाण्यानं ही नळी तिच्या जाग्यावरून काढून अशीच खाली सोडलीय. आठ दिवस गाडी ठेव, नीट बसवून देतो."

"आठ दिस? चाचा, पोरींच्या परीक्षा तोंडावर हायत."

"मग वास खा," चाचा म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

त्याच संध्याकाळी लायबाचे वडील मुनीब दाराशी आले. बोलणं नेहमीसारखंच अदबीचं. "महादेवीबाई, लेकरू रोज उलट्या करून राहिलंय. असंच चाललं तर क्लास बंद करावा लागेल. माझा इलाज नाही."

महादेवी आत गेली. चुलीपाशी रॉकेलच्या कॅनला दाणे काढलेलं मक्याचं कणीस बुचासारखं बसवलेलं होतं. तसलंच एक कणीस तिनं उचललं, त्याला चिंधी गुंडाळली आणि जीपच्या त्या लोंबत्या नळीच्या तोंडात ते ठोकून बसवलं.

दुसऱ्या दिवशी वास गेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"अक्का, तुमाला इंजिनिअरिंगला घालू!"

"घाला की. फी तुमी भरा."

पण मग तेल मोजायची पट्टी आपोआप वर येऊ लागली. सकाळी दाबून बसवावी, संध्याकाळी बघावं तर बोटभर बाहेर, भोवती सगळं तेलानं माखलेलं. जीप जिथं उभी राहील तिथं खाली काळा डाग पडायचा. मागून निळसर धूर निघायचा. आणि इंजिनाचा आवाज जड झाला, पोट फुगलेल्या जनावरासारखा. रात्री अंथरुणावर पडलं की तो आवाज महादेवीच्या कानात घुमायचा.

"काय झालं गं?" व्यंकटीनं विचारलं.

"काई न्हाई. जुनी गाडी हाय. चालायचंच."

शब्द तोंडातून गेला आणि तिच्या हातावर सरसरून काटा आला. ती उठून अंगणात जाऊन बसली. परीक्षा झाली की गाडी चाचांकडं टाकायची, असं तिनं स्वतःला बजावलं.

औशाच्या अलीकडं चढ आहे. एका सकाळी तिथं समोर उसाचा ट्रॅक्टर होता म्हणून महादेवीनं ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. जीप हळू झाली नाही. तिनं खाली बघितलं. पाय खरंच वर होता.

"अक्का, हळू की!" मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं क्लच दाबला आणि इंजिन किंचाळलं. ब्रेकवर उभी राहून, गिअर काढून तिनं जीप कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली. चावी फिरवली. काही नाही. चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन चढतच होतं. मागून पांढरा धूर लोटला, रस्ता दिसेनासा झाला. पत्रा, काचा, बाक, दात, सगळं थरथरत होतं. तिला कळायच्या आत तिच्या बाजूचं दार उघडलेलं होतं आणि तिचा एक पाय बाहेर जमिनीवर होता. तिच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं, फक्त पळ.

"अक्का?"

लायबा ओरडली नव्हती. समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून ती नुसती बघत होती, महादेवीच्या बाहेरच्या पायाकडं.

मागं शिल्पा रस्त्याकडचं दार ढकलत होती. त्या धुरात ट्रकचा भोंगा वाजला.

"तकडून न्हाई!" महादेवी किंचाळली. पाय आत आला. "डाव्या अंगानं उतरा! शेताकडं! लायबा, उतर!"

"अक्का, तुमी—"

"उतर म्हन्ते न्हवं!"

तिनं सगळा भार ब्रेकवर टाकला. क्लच दाबला, टॉपचा गिअर रेटला. दांडा हातात नाचत होता. बसला. तिनं डोळे मिटले आणि क्लच फटकन् सोडला. जीप पुढं फेकल्यासारखी दचकली, काहीतरी जळल्याचा वास आला, आणि मग एकदम शांत.

शेतात पोरी एकमेकींना धरून रडत होत्या. महादेवीनं त्यांना मोजलं. परत मोजलं तर आकडा वेगळाच आला. मग ती एकेकीच्या डोक्याला हात लावत गेली, तेव्हा कुठं खरं वाटलं.

चाचांनी कणीस उपसून काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, पण आवाज चढवला नाही.

"आतला दाब कुठं जाणार, बेटा? टर्बोला वरून तेल मिळतं, ते खाली उतरावं लागतं. खाली दाब भरला की उतरत नाही. मग ते टर्बोतून हवेच्या वाटेनं इंजिनात शिरतं. डिझेलच्या इंजिनाला काय, तेल मिळालं की पळतं. चावी काढली तरी. फुटेपर्यंत."

त्यांनी इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. नळी परत टर्बोच्या हवेच्या पाईपला जोडली, मध्ये तेल अडकवणारी एक डबी बसवली. "डबी रिकामी करत जा. नळी मोकळी ठेव. वास येणार नाही, दाबही नाही."

तेवढे दिवस पोरी एसटीनं गेल्या. जीप परत आली त्या सकाळी त्या दप्तरं घेऊन हजर होत्या, पण महादेवीनं कुणाला चढू दिलं नाही.

"आधी एकेक जण हितं माझ्या जागी बसा."

"कशाला, अक्का? आमाला कुठं चालवाया येतंय?"

"चालवाया न्हाई. इंजिन मारायला शिका. ह्यो ब्रेक, ह्यो क्लच. शिल्पे, तू ये."

शिल्पा बसली. पाय पुरेना, पुढं सरकली. "पण तुमी असताना आमी कशाला? तुमीच थांबवली की त्या दिशी."

महादेवीनं लायबाकडं पाहिलं. त्या बाहेरच्या पायाबद्दल लायबानं घरीदारी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आन् मी पळाले तर?" महादेवी म्हणाली.

"तुमी न्हाई पळायच्या."

"मला म्हाईत न्हाई, बाई."

महादेवीनं आत हात घालून चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. मग शिल्पानं ब्रेक दाबला, गिअर टाकला आणि क्लच सोडला. जीप गचका खाऊन बंद पडली. महादेवी दचकून दोन पावलं मागं सरली, तशीच पुढं आली आणि म्हणाली, "आता लायबा."