कारण न ऐकणाऱ्या बाई

आमच्या बाईंना कारण ऐकवत नसे. उशीर का झाला, गृहपाठ का राहिला, हे सांगायला कुणी तोंड उघडलं की त्या हात आडवा करायच्या. "ते घरी नेऊन ठेव. आता काय करणार, तेवढं बोल." कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. आज आम्ही सगळे पन्नाशीला टेकलोय. बाईंचा भूगोल आमच्यातल्या कुणाला धड आठवत नाही. बाईंचा शनिवार मात्र एकही जण विसरलेला नाही.

नववीच्या सुरुवातीला त्या प्रत्येकाला एकच ओळ लिहायला लावायच्या : या वर्षात मी काय करून दाखवीन. आणि मग त्या ओळी निर्दयपणे परत करायच्या. एकानं लिहिलं, 'मोठा माणूस होईन.' बाई म्हणाल्या, "किती फूट?" वर्ग हसून लोळला. हुशार पोरींपैकी एकीनं लिहिलं, 'पहिला नंबर काढीन.' तिलाही सोडलं नाही. "पहिली आजारी पडली तरी तुझा पहिला नंबर येतोय. त्यात तू काय केलंस? तुझ्या हातात काय हाय, ते लिही." तीन-तीन, चार-चार वेळा लिहून मगच ओळ पास व्हायची. मी लिहिलं होतं, 'रंकाळा तलावाला न थांबता एक पूर्ण फेरी पळेन.' ती पहिल्या फटक्यात पास झाली. त्याचा मला केवढा ताठा चढला होता!

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला प्रत्येकानं उभं राहायचं आणि त्या आठवड्यापुरतं ठरलेलं काम 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच सांगायचं. नाही झालं तरी बाई रागवायच्या नाहीत. खरी गंमत तिथंच होती. "मग निम्मं कर," म्हणायच्या. निम्मंही जमलं नाही तर त्याचं निम्मं. एका मुलाला वर्गासमोर बोलायची भीती होती. त्याला त्यांनी एक आठवडा नुसतं फळ्यापाशी उभं राहून परत यायला सांगितलं होतं. उरुसात कुस्ती लावावी तशा त्या जोड लावायच्या, माणूस आणि त्याला पेलेल एवढं काम. पोरं त्यामुळंच पुढं सरकायची. आज कितीतरी ठिकाणी पैसे मोजून असलं काही शिकायला जातात म्हणे. आम्हाला ते भूगोलाच्या तासाला मिळालं, याचा मला अभिमान आहे.

आता माझं सांगतो. माझ्या वाट्याला रंकाळ्याच्या काठावरच्या टॉवरपासून शालिनी पॅलेससमोरपर्यंत, मग त्याच्या थोडं पुढं, असं करत डिसेंबरात पूर्ण फेरी आली. त्या आठवड्यात मी निम्म्यावर कट्ट्यावर बसलो, भडंगाची पुडी संपवली आणि उरलेली वाट चालत घरी गेलो. शनिवारी उभा राहिलो आणि म्हणालो, "झालं." टाळ्या पडल्या. बाईंचा चेहरा असा उजळला की शब्द परत घ्यायला जीभच उचलेना.

माझं खोटं माझ्यापाशीच राहिलं असतं तर मी इतकी वर्षं ते उराशी घेऊन फिरलो नसतो. माझ्या मागच्या बाकावर धनाजी बसायचा. कोडोली गावचा, शिकायला मामाकडं राहिलेला. एक पान न अडखळता मोठ्यानं वाचायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं, आणि प्रत्येक शनिवारी तो मान वर करून सांगायचा, "न्हाय झालं, बाई." बाईंनी त्याचं पान निम्मं केलं होतं, मग पाव केलं होतं. माझ्या 'झालं'नंतर बाईंनी ते कमी करणं थांबवलं. "ह्याच्याकडं बघ," त्या माझ्याकडं बोट दाखवून त्याला म्हणायच्या. "मनावर घेतलं की होतंय." चार-पाच आठवडे त्यानं ऐकून घेतलं. मग तो शनिवारी शाळेत यायचाच बंद झाला. दर शनिवारी खरं बोलणारा तो, आणि बाक त्याचा रिकामा. मी पुढच्या बाकावरून ते पाहत राहिलो.

या वर्षी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी बाईंचा सत्कार ठरवला. त्यांचाच फोन आला. "स्टेजवर तू बसायचं. तुझं उदाहरण मी रिटायर होईपर्यंत पोरांना सांगत आलो." बाई अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळं स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांच्या घरी गेलो. त्या खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होत्या.

"बाई, ती फेरी मी मारलीच नव्हती."

त्यांचे हात थांबले. "किती पळालतास?"

"निम्मी."

"आणि मागनं कधी?"

"कधीच नाही. बाई, त्या वेळी घरी..."

हात आडवा झाला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोच होती. पण बाईंनी विचारलं, "धनाजी कुठं असतोय?"

"कोडोलीला. दूध संकलन केंद्र आहे त्याचं."

"गाडी आणलीयास न्हवं? चल."

"बाई, एवढा रविवारचा सत्कार होऊन जाऊ दे, मग निवांत..."

"हार घालून घेऊ आणि मग जाऊ? ऊठ!"

सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई, गुडघ्याला पट्टा बांधून, माझ्या गाडीत पुढं बसल्या. धनाजी केंद्राच्या दारात कॅन धूत होता. त्यानं बाईंना लगेच ओळखलं, मला नाही. "या बाई, या! आणि पावणं कोण?"

मी नाव सांगितलं. मग सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, हातांवरून पाणी निथळत होतं.

"तुझा राग न्हाय गा," तो शेवटी म्हणाला. "पोरगं हुतास. मला राग बाईंचा आलता. बाई, तुम्ही म्हणायचा, ह्याच्याकडं बघ. मी बघायचो, आणि मला वाटायचं, माझ्याच टाळक्यात कायतरी कमी हाय. लई वर्षं वाटलं, बाई."

बाईंना खुर्ची दिली होती, पण त्या बसल्या नव्हत्या. एका हातानं दाराची चौकट धरून उभ्या होत्या. वर्गात साठ पोरं होती, मी त्यांना फसवलं होतं, त्यांचा हेतू चांगलाच होता : सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं त्यांनी काहीही सांगितलं नाही.

"तुझ्यात काय कमी न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुझं पान मी आणखी बारीक करायला पाहिजे हुतं. मी चुकलो."

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली. आपल्या विद्यार्थ्यापुढं अशी उभी राहिलेली एकच. माझी शरम तशीच आहे, ती जायची नाही. पण त्या दारात माझी मान ताठ झाली, कारण ही बाई माझी शिक्षिका होती.

धनाजीनं खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले, मग तोंडही पुसलं. बाईंना धरून खुर्चीवर बसवलं आणि आत बघून ओरडला, "आगं, च्या ठेव! आमच्या बाई आल्यात." मग माझ्याकडं वळून बघितलं. "आणि एक कप बिनसाखरेचा कर. ह्या पावण्याला. फेरी मारून आला की साखर."