खतांच्या दुकानातली काचपेटी

"मासे कवा टाकतेस वं पोरी? लोक हासून राहिले मले!"

तुळशीरामभाऊंनी हे विचारलं तेव्हा माझा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. अड्याळचं त्यांचं कृषी केंद्र. एका बाजूला धानाच्या बियाण्यांची पाकिटं, दुसऱ्या बाजूला खतांच्या गोण्या, मधे काउंटरवर माझी काचपेटी. पाणी, झाडं, एक वाळकं मूळ. मासा एकही नाही.

"महिनाभर नाही," मी म्हणाले.

लाखनीला माझं काम हेच, प्लांटेड टँक लावून देणं. म्हणजे काचेत खरी पाणवनस्पती जगवायची. प्लास्टिकची झाडं मी विकत नाही. जिवंत माशाला प्लास्टिकच्या पानामागे लपायला लावणं मला बेशरमपणा वाटतो, आणि गिऱ्हाइकाला मी तसं तोंडावर सांगते.

पण ही पेटी धंद्याची नव्हती. तुळशीरामभाऊ गावच्या तलाव समितीचे अध्यक्ष. उन्हाळ्यात जेसीबी लावून तलावातला 'कचरा', म्हणजे पाण्यातली झाडं, मुळासकट काढायचं ठरत होतं. गाळ काढा, माझं काही म्हणणं नाही. पण तो कचरा म्हणजे माशांचं घर. तिथेच ते अंडी घालतात. मी पत्रकं छापली, घरोघर वाटली. भाऊंनी माझ्याच पत्रकात एकाला वांग्याचं बी बांधून दिलं! तेव्हा चिडून म्हटलं, "काउंटरवर जागा द्या. तुमचाच कचरा लावून दाखवते. तरी कचराच वाटला तर खुशाल काढा."

तळाला बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली माती, वर धुतलेली रेती. मागे लांब पात्यांची व्हॅलिसनेरिया. शहरात ती पाकिटात विकतात, इथे तलावात पायात येते. पुढे बुटकी झाडं, आणि मूळ मधोमध नाही, जरा कडेला. या मांडणीला अ‍ॅक्वास्केपिंग म्हणतात. मूळ मधोमध ठेवलं की पेटी फोटो काढायला बसल्यासारखी दिसते. कडेला ठेवलं की नजर आत शिरते आणि रमते.

मासे लगेच का नाहीत? माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो विष. त्याला पचवणारे जीवाणू रेतीत वसायला काही आठवडे लागतात. याला सायकलिंग म्हणतात.

सकाळी दारातून ऊन आलं की पात्यांच्या टोकांवर बुडबुडे धरायचे. एकेक सुटून वर जायचा, अगदी सावकाश. दुकानात माणसं बोलता बोलता थांबायची. एकदा एक शेतकरी गोणी खांद्यावरच घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, कोणतं वाण लावलं जी?"

"लवकर येणारं," भाऊ म्हणाले. "पोरगी म्हणते महिन्यात मासे पिकतीन."

काही दिवसांनी भाऊंचा फोन आला. "ये वं. बिघडलं."

पेटीतलं पाणी हिरवंगार, आत काही दिसेना. टेस्ट किटचे थेंब टाकले. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. गर्द हिरवं झालं.

"काय टाकलं?"

"काही नाही."

"भाऊ!"

"पात्या पिवळ्या पडल्या होत्या. रोवणा झाल्यावर धान पिवळं पडलं तं युरिया देतोच ना बाप्पा. चिमूटभर टाकला."

"नवीन जागी जुनी पानं सडतातच! युरियाचा पाण्यात अमोनियाच होतो, मासे असते तर आज मेले असते. काहून विचारलं नाही मले?"

"युरिया टाकाले मी तुले विचारू?"

मला रडू येत होतं. पेटी मेली तर तलावाचं बोलायला तोंड उरणार नव्हतं. निम्मं पाणी काढलं, ताजं भरलं. पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाला उजेड मिळू नये म्हणून पेटीवर रिकाम्या गोण्या पांघरल्या. रोज अर्धं पाणी बदलायचं काम भाऊंना दिलं. बाकी वाट पाहायची.

गोण्या काढल्या त्या सकाळी पेटीत पाणीच नाही असं वाटलं, इतकं ते नितळ. नुसती पाती, हवेत डुलल्यासारखी, आणि खाली नवे हिरवे कोंब. भाऊ स्टूल ओढून समोर बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"पोरी, युरिया गेला कुठं?"

"थोडा पाण्यासोबत काढला. उरलेला या झाडांनी खाल्ला. त्याचंच हे नवं पान."

भाऊ पेटीकडेच पाहत राहिले. "आमच्या समद्या बांध्यांचं युरियाचं पाणी तलावातच उतरते. तिथं तं मी रोज पाणी बदलाले जात नाही."



उन्हाळ्यात जेसीबी आलाच. गाळ निघाला, झाडंही बरीच गेली. पण पूर्वेच्या काठाला भाऊंनी दोरी बांधून मशीन अडवली. माझी मागणी निम्म्या तलावाची होती, मिळाली एक कड. ते भांडण अजून संपलेलं नाही.

पेटीत आता त्याच कडेचे बोटभर मासे फिरतात. नवशिक्यांना माझं सांगणं एवढंच: पहिला महिना हात खिशात ठेवा. भाऊंनी काचेवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे, 'येथे खत टाकू नये.' अख्ख्या दुकानात असं सांगणारी जागा तेवढीच.