निवदाच्या आधी वेचलेलं बोंड

आधी विहिरीतच वाकून पाह्यलं मी. दुसरीकडं पायच वळत नव्हते. शाळेत खिचडी वाटाच्या वक्ताले पोरीले पाह्याले गेली, त मोठे सर म्हनले, तिले घरी पाठोलं कवाचंच. कोनासंग, म्हनलं. त म्हने, घर काय दूर हाये का? माह्या पोरीले जन्मापासून ऐकू येत नाही. मागून ट्रॅक्टर आला तरी तिले समजत नाही, हाका मारून फायदा नाही. अन् तिले एकटीले फाटकाबाहेर काढून देल्लं. काऊन, त वर्गात तोंडानं आवाज करते, बाकीचे लेकरं हसतात.

विहिरीत नव्हती. पोरीचे बाबा सायकल घेऊन सडकेकडं गेले, मी वावरावावरानं पळत सुटली, चप्पल कुठं पडली ते नाही समजलं. पळता पळता सीतामायले म्हनत होती, माय, पोरगी दे, मंग काही मागत नाही. नाल्यापलीकडच्या वावरात बायांचा कालवा ऐकू आला. आमच्याकडं पह्यला कापूस वेचाच्या आधी सीतादही करतात. बांधावरच्या दगडाले सीतामाय मानून हळद-कुकू वाहातात, दहीभाताचा निवद दावतात, तोवर बोंडाले कोनी हात लावत नाही. त्यात बीटी कपाशीलेबी बोंडअळी लागली त्या सालची गोष्ट, बायांचा जीव बोंडाबोंडात अटकलेला. अन् माह्या पोरीनं निवदाच्या आधीच बोंड वेचलं होतं. मुठीत गच्च धरून उभी होती. बाया वरडत होत्या, तिले काय ऐकू येते? वावराच्या मालकीनीनं तिचा दंड धरला होता.

मी पोचली अन् खालीच बसली. तोंडातून शब्द निघेना. तवा मजुरीनं आलेल्या बायांतली एक म्हातारी उठली, मोताळ्याकडची, सगळ्या तिले खाला म्हनत, म्हंजे मावशी. तिनं पोरीची मूठ हळूच उघडली. बोंड पांढरं सफेत, आत अळी नाही. खाला म्हनली, "छोडो उसको. जिसका हक था, उसने लिया."

मालकीनीनं पोरीचा दंड सोडला. मंग तिनंच ते बोंड घेऊन दगडाजवळ ठेवलं अन् दहीभाताचा पह्यला घास पोरीच्या हातावर देल्ला. तिनं तो खाल्ला नाही, तसाच धरून ठेवला. मी तिथंच डोकं टेकवलं. इतके वर्स मी पोरीसाठी कान मागत होती. त्या दिवशी म्हनलं, माय, कान राहू दे. मले तोंड दे.

अन् देल्लं तिनं. सरानं पोरीले काढून देल्लं, ते मी बायायले सांगतलं. खाला म्हनली चल, कुठं हाये शाळा. वेचनं सोडून तीन-चार बाया निंघाल्या, कमरेले कापूस वेचाची ओटी तशीच बांधलेली. इचे बाबा सडकेवर भेटले, तेबी आले. सर दारातच उभे. म्हनले, अशा लेकरायची शाळा बुलडान्याले हाये, तिथं नेऊन टाका. मी सातवीपस्तोर शिकली, सरापुढं आवाज निंघत नव्हता कधी. पन त्या दिवशी निंघाला.

"हिचं नाव याच शाळेत हाये, सर. मोताळ्याच्या तपासनीत डाक्टरबाईनं सांगतलं, गावच्या शाळेत बसाचा हिचा हक हाये, अशा लेकरायले शिकवाले फिरत्या बाई येतात. तुमी त्याहिले बलावलं काऊन नाही?"

"उद्या पाहू."

"उद्या नाही. आज."

पोरीले काय समजलं देव जाने. तिनं हातातला दहीभात सरापुढं धरला. निवदाले नाही कोन म्हनते? सरायले दारातून बाजूले सरकून दोन्ही हात पुढं कराच लागले. अन् पोरगी त्याहिच्या बाजूनं आत जाऊन बाकावर बसली. इचे बाबा अन् मी घंटी होवस्तोर उंबऱ्यात बसलो.

आता फिरत्या बाई येतात. पोरगी हातानं बोलते, नाव लिवते. आवाज अजूनबी करते, करू द्या. खाला बाजारात भेटली, त म्हने मैंने क्या किया बेटी, अन् हसली. मी तिच्या पाया पडली. लोक म्हनतात देवानं देल्लं ते गुमान सोसावं, सराशी वैर कायले घेतलं. पन डोकं एकच हाये माह्याजवळ. ते बांधावरच्या दगडापुढं टेकवलं, सरापुढं टेकवाले उरलं नाही. तुमच्या बहिऱ्या लेकराले असं फाटकाबाहेर काढलं असतं, त तुमी काय केलं असतं?