काचवाला साहेबांना भेटायला गेलो तेव्हा

हसायचं असंल तर खुशाल हसा, पण आधी कपबशी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना शेजारच्या आप्पांच्या नाकातून चहा आला होता. तोबी गरम! तवापासून मी आधीच बजावून ठेवतो.

तर माझ्या हातून गोंधळ झाला तो असा, की मी गेलो मुलाखतीला आणि... थांबा. पहिल्यापासून सांगतो, नायतर मजा नाय.

वाळूजला एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं रंगखात्यात होतो. काम काय? डाग बघायचं! रंगवलेला पत्रा समोरून सरकायचा, मी मान वाकडी करून उजेडात त्याच्याकडं बघायचो. कुठं केसाएवढा ओरखडा, कुठं मोहरीएवढा फुगा दिसला की खडूनं गोल करायचा. बस्स. माझी मान उजवीकडं कललेली दिसती ना? ती तिथंच कलली. लग्नाच्या फोटोत सरळ हाय, पाहिजे तर दाखवतो.

मग एक दिवस तिथं कॅमेरा बसला. त्याला मान वाकडी करावी लागत नव्हती आणि चहाची सुट्टीबी लागत नव्हती. आम्हा सहा जणांना नारळ मिळाला.

पुढं चार महिने घरी. आणि तुम्हाला सांगतो, डाग बघणारा माणूस घरात बसला म्हणजे घराला साडेसातीच! सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ताट वाढलं की मी ते उजेडाकडं तिरकं धरायचो. एकदा तिच्या कोऱ्या साडीवर बोट ठेवून बोललो, "इथं बघ, धागा सुटलाय." तिनं काय करावं? माझ्यापुढचं ताटच उचललं.

"तुम्ही कुठंतरी चिकटा बाबा!" ती म्हणाली. "कुठंबी चिकटा. नायतर मी तरी माहेरी जाते."

त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. जालना रोडवर नवी इमारत झाली होती, तिथल्या कंपनीला गोदामासाठी सुपरवायझर पाहिजे होता. खाली लिहिलेलं, 'भेटा : श्री. काचवाला.' आता हे त्या साहेबांचं आडनाव बरं का! ध्यानात ठेवा. मी ध्यानात ठेवलं, तिथंच तर घात झाला.

सुमननं मुकुंदवाडीत आमच्या अख्ख्या गल्लीला बातमी दिली. नोकरीचा पत्ता नाय, अन् बाई साखर वाटून मोकळी! तिचा भाऊ संतोष पुण्याला असतो. त्याचा रात्री फोन.

"दाजी, एक सांगू? आजकाल मुलाखतीत नुसते प्रश्न नसतेत. आधी एखादं हलकं काम देतेत. माणसाला तोरा किती, ते बघतेत. तुम्ही नाक मुरडलं की गेलात!"

"मी कशाला नाक मुरडतोय?"

"ताईला विचारू का?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, काखेत फाईल आणि जाहिरातीचा पेपर घेतला आणि दहाच्या ठोक्याला इमारतीसमोर हजर! फाटकावर एक वयस्कर रखवालदार. पांढरी दाढी, निळा गणवेश. हबीबचाचा त्यांचं नाव, ते नंतर कळलं.

"कौन?" त्यांनी विचारलं.

आता सरळ माणूस स्वतःचं नाव सांगंल. मी घाईत कुणाला भेटायचं ते सांगून बसलो. छाती काढून म्हणालो, "काचवाला साहेब!"

चाचांनी मला खालून वर बघितलं. मग त्यांना हसू फुटलं.

"काचवाला साहब? वा मियाँ, वा! आवो साहब, आवो! भाभी सुबह से तुमारे नाम की माला जप रई."

मला काय वाटावं? कंपनी बघा कशी! दारातल्या माणसालाबी माझी खबर! आणि भाभी म्हणजे काचवाला साहेबांच्या मिसेस असणार, दुसरं कोण?

चाचांनी मला तळमजल्यावरच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये नेलं. आत साड्यांचे गठ्ठे, झेंडूच्या माळा, खुर्च्या. मी म्हणलं, बरोबर हाय, गोदामात माल ठेवायचा म्हणजे साड्याच ठेवत असतील. अक्कल अशी पळायला लागली ना, की तिला वाटबी बरोबर सापडती!

आणि समोर काच. अरे देवा! रस्त्याच्या बाजूची अख्खी भिंतच काचेची. तिच्यावर रंगाचे शिंतोडे, सिमेंटचे ओघळ, स्टिकरचा गोंद, कामगारांचे पंजेच्या पंजे. माझी मान आपोआप वाकडी झाली.

भाभी पुढं आल्या. पन्नाशीच्या, चटपटीत, कमरेला पदर खोचलेला.

"आलात का दादा? किती वाट बघायची? बारा वाजता उद्घाटन आहे! ही बादली, ते फडकं, ती शिडी. चला."

माझ्या डोक्यात टण्णकन घंटा वाजली. हलकं काम! संतोष, लेका, तुझ्या तोंडात साखर पडो!

मी भाभींकडं बघून ओळखीचं हसलो.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"काय नाय मॅडम. मी ओळखलं. करतो सुरू."

"शिडीवर चढता येतं ना?"

"मॅडम, वर चढायचीच तर इच्छा हाय!"

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. मी अदबीनं बायोडाटा पुढं केला. त्यांनी तो न वाचता टेबलावर ठेवला आणि त्यावर पेढ्यांचा डबा ठेवला. मी म्हणलं, शुभशकुन!

"माझा एकच दोष हाय मॅडम," मी बाह्या सारत म्हणालो. मुलाखतीत दोष विचारतेतच, म्हणून मी पाठ करून गेलतो. "काम अर्धं सोडता येत नाय मला."

"मग बरंच आहे की! वरून सुरू करा."

आणि मी सुरू केलं. काय सांगू, चार महिन्यांत हाताला असं सुख नव्हतं! काच आधी भिजवायची, मग ब्लेड तिरकं धरून रंगाचा शिंतोडा असा अलगद उडवायचा की काचेला कळूबी नये. आतून आडवा हात मारायचा, बाहेरून उभा. म्हणजे फराटा राहिला तर तो कुठल्या अंगाचा ते झटकन कळतं. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाय. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना गोल करत होतो, तवा पहिल्यांदा डाग स्वतःच्या हातानं काढत होतो. खडूनं गोल केलेला डाग पुढं कोण काढायचं, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

दीड तासानं भाभी म्हणाल्या, "दादा, शेवटचं पाणी टिपायला रद्दी नाही आणली?"

मी फाईलसोबत ठेवलेला पेपर उचलला. जाहिरातीचा. पान फाडलं आणि शिडीवर चढून वरच्या अंगाला लावलं. ओला कागद काचेला गच्च चिकटला. आणि तिथं, माझ्या नाकापासून वीतभर, ती जाहिरात. मी पहिल्यांदाच ती नीट, शेवटपर्यंत वाचली.

'तिसरा मजला. सकाळी दहा ते बारा.'

मी खाली बघितलं. फरशी. तळमजला! पलीकडं उद्घाटनाचा फलक. घड्याळात पावणेबारा.

"चाचा!" मी शिडीवरून ओरडलो. "ही कंपनीच हाय ना?"

"कायकी कंपनी? ये साडी की दुकान है. गुलमंडी वाले सेठ की नई दुकान, भाभी उनकीच घरवाली. कंपनी ऊपर है, तीसरे पे."

"आणि काचवाला साहेब?"

चाचा गोंधळले. "तुमीच ना?"

आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करंल? शिडीवरून उडी मारंल आणि जिना गाठंल. व्हय ना? पंधरा मिनिटं हातात. घरी बायको वाट बघती, गल्लीनं साखर खाल्लेली.

मी एक पाय खाली ठेवला आणि मान वर गेली. अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब. ज्वारीच्या दाण्याएवढा! कुणाला दिसला नसता हो. पण मला दिसला ना! नोकरी गेली असती तरी एकवेळ झोप लागली असती. त्या थेंबानं नसती लागू दिली.

मी परत वर चढलो. थेंब काढला. आडवा हात, उभा हात. मग उतरलो आणि पळत सुटलो. लिफ्ट अजून सुरू व्हायची होती, तीन मजले जिन्यानं. वर पोचल्यावर कळलं, बादलीबी सोबतच आणली.

काचवाला साहेब टेबलामागं बसलेले. गोरेपान, सोनेरी काडीचा चष्मा, कागदात डोकं. मी दारात. शर्ट ओलाचिंब, एका हातात बादली, खांद्यावर फडकं.

त्यांनी जेमतेम मान वर केली. "काचवाला का? ती मागची खिडकी आधी घ्या."

मी धापा टाकत म्हणालो, "साहेब, काचवाला मी नाय! काचवाला तुम्ही!"

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही कोण?"

मग मी सगळं सांगितलं. चाचा, भाभी, संतोष, पिवळा थेंब. बायोडाटा पेढ्याखाली हाय, तेबी सांगितलं. साहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"बसा," ते म्हणाले. "बादली खाली ठेवा आणि बसा. मला सांगा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

याचंबी उत्तर मी पाठ केलतं. पण साहेबांच्या मागंच ती खिडकी, आणि तिच्यावर धुळीचा थर असा, की माझ्या डोक्यात दुसरं काय येईनाच. तोंडातून निघून गेलं, "साहेब, ह्या काचेत तर काहीच दिसंना."

साहेब वळले. "ती दुधी काच आहे."

"दुधी?" मी उठलोच. "साहेब, ही धूळ हाय!"

परवानगी कुठली घेतो! फडकं मारलं, पाणी ओढलं. पाच मिनिटांत खिडकीत आमच्या शहराबाहेरचा सातारा डोंगर उभा! हिरवागार, अख्खाच्या अख्खा. साहेब जागेवरून उठले. बाहेरच्या माणसांना हाका मारल्या. सगळी कचेरी खिडकीपुढं जमली, देवळात दर्शनाला जमावं तशी.

"चार महिने इथं बसतो मी," साहेब हळूच म्हणाले. "आणि मागं डोंगर आहे!"

मग ते माझ्याकडं वळले. "नोकरी पक्की. गोदामात कॅमेरे आहेत, तुम्ही दिवसभर पडद्याकडं बघत बसायचं. अकरा महिन्यांचा करार."

"आणि अकरा महिन्यांनंतर?"

"ते बघू."

कॅमेरे! पुन्हा कॅमेरे, आणि पुन्हा कुणाच्या तरी 'बघू'वर लटकायचं. मी खिडकीकडं बघितलं. माझं मलाच कळलं नाय, कुठून धीर आला.

"साहेब, नोकरी राहू द्या. मला काचा द्या. अख्ख्या मजल्याच्या."

साहेबांनी हात पुढं केला. माझा हात ओला होता, तरी धरला.

जिन्यातून उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी अडवलं. डोंगराची बातमी माझ्याआधी खाली गेलती. "आमच्याबी काचा करता का हो?" खाली भाभी काचेसमोर उभ्या. बारा वाजून गेलेले, पाहुणे आलेले, आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावरचे लोक माना उंचावून आतल्या साड्या बघायलेले.

"दादा, काच आहे का काढून नेली?" भाभी म्हणाल्या. त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर मला हार घातला आणि गुलमंडीच्या जुन्या दुकानाचंबी काम दिलं. हबीबचाचा टाळ्या वाजवत म्हणाले, "बोला था ना मैं? साहब हैच ये!"

घरी गेलो. गळ्यात हार, हातात पेढे. सुमन दारातच.

"मिळाली?"

"मिळाली. पण मी नाय म्हणलो."

ती उंबऱ्यावर मटकन बसली. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. डोंगर आला तवा ती हसायला लागली आणि करारावर आलो तवा तिनं माझ्या हातातले पेढे घेतले. मग पेढा तोंडात टाकून म्हणाली, "बरं केलं. आता गल्लीला मी सांगते."

आज जालना रोडवरच्या नऊ इमारतींच्या काचा माझ्याकडं हायेत. दोन शिड्या, स्वतःची गाडी, आणि वरचा साहेब कोण? कुणी नाय! मीच मालक, मीच कामगार.

पण जुनी सवय जाती का हो? पहिल्याच दिवाळीला मी टेबलाशी बसलो आणि वहीचा कागद फाडून झकास अक्षरात लिहिलं, 'महोदय, सणानिमित्त तीन दिवस रजा मिळावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.' सही ठोकली, तारीख टाकली, घडी घातली आणि निघालो द्यायला.

दारापर्यंत गेलो. तिथं आठवलं, अरे, द्यायची कुणाला? साहेब तर मीच! असला आनंद झाला म्हणता! कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं गाणं म्हणत आंघोळीला गेलो. आल्यावर स्वतःच मंजूर करू म्हणलं, ऐटीत.

आलो तर अर्जावर लाल पेननं शेरा मारलेला.

'नामंजूर. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या बाकी आहेत. आज संध्याकाळच्या आत.'

खाली सुमनची सही. आणि शिक्क्याच्या जागी बेसनाचा अंगठा.