फेट्याचा मानकरी

मलकापूरला कापसाच्या जिनिंगच्या आवारात मुंबईच्या दोन धंदेवाईक टेनिसपटूंचा सामना ठेवला आणि पंच म्हणून मला उंच स्टुलावर बसवलं. एक जण चेंडूचेंडूला माझ्याशी भांडायचा, रॅकेट आपटायचा. कुस्त्यांच्या दंगलींना सोकावलेली आमची माणसं त्यावर खूश होऊन शिट्ट्या मारायची. दुसरा भला माणूस. मी दिलेला गुण त्यानंच नाकारला. "माझा चेंडू बाहेर पडला," म्हणाला. झालं! "हा मुद्दाम हारून राह्यला बे! कुस्ती ठरलेली हाय!" म्हणत लोकांनी त्याच्यावर ढेकळं फेकली. समजावून समजावून माझा घसा बसला. सामना तोच जिंकला, तरी त्याला मागच्या दारानं काढावं लागलं. विजेत्यासाठी आणलेला फेटा लोकांनी त्या भांडखोराच्या डोक्याला बांधायला लावला, आणि तोही माझ्याच हातून.